वर्तुळांचा पुरावा : लोकटक सरोवर, आथाफुम आणि उपग्रहाची नजर

१/
मणिपूरमधील लोकटक सरोवराचे एखादे स्पष्ट उपग्रहचित्र पाहिले, तर नजर प्रथम खिळते ती पाण्यावरच्या वर्तुळांवर. काळ्याशार पाण्यावर कोणी बांगड्या विखुरल्या असाव्यात, तशी ती दिसतात. ही वर्तुळे मासेमारीची आहेत. सरोवराकाठचे मैतेई मच्छीमार त्यांना 'आथाफुम' म्हणतात. गेल्या काही दशकांत याच वर्तुळांची आकाशातून पाहणी झाली, पुढे त्यांना बेकायदा ठरवणारा कायदा आला आणि अखेर पाण्यावरच्या झोपड्या जाळण्यापर्यंत मजल गेली. उपग्रहचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे, याचा विचार करणारा हा धागा.

२/
लोकटक हे ईशान्य भारतातील गोड्या पाण्याचे सर्वांत मोठे सरोवर. इम्फाळच्या दक्षिणेस, मोइरांग गावाजवळ ते पसरले आहे. 'लोक' म्हणजे प्रवाह आणि 'ताक' म्हणजे शेवट, अशी या नावाची फोड सांगितली जाते. मराठी वाचकांना मोइरांग आठवते ते आझाद हिंद सेनेमुळे : १४ एप्रिल १९४४ रोजी सेनेने तेथे तिरंगा फडकावला होता. मणिपुरी माणसाच्या मनात मात्र मोइरांग म्हणजे खांबा-थोइबीची प्रेमकथा, आणि लोकटक म्हणजे 'लोकटक लाइरेंबी' ही जलदेवता. थांगा, कारांग, इथिंग ही सरोवरातील बेटे आहेत. तेथील पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगत आल्या आहेत.

३/
या सरोवराचे वैशिष्ट्य म्हणजे 'फुमदी'. पाणवनस्पती, त्यांची गुंतलेली मुळे, कुजलेला पाला आणि माती यांचा मिळून तयार झालेला हा तरंगता थर. त्याची जाडी काही सेंटिमीटरपासून सुमारे दोन मीटरपर्यंत असते. हिमनगाप्रमाणेच त्याचा मोठा भाग पाण्याखाली असतो. साधारण एक पंचमांश वर आणि उरलेला खाली. जाड फुमदीवर माणूस उभा राहू शकतो, झोपडी बांधू शकतो. सरोवराच्या आग्नेय भागातील काइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान तर बहुतांशी अशा फुमदीवरच वसले आहे. त्यामुळेच ते जगातील एकमेव तरंगते राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते.

४/
फुमदीला पूर्वी ऋतुचक्र होते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सरोवराचे पाणी उतरे, तरंगते थर तळाला टेकत आणि त्यांची मुळे गाळातून अन्न शोषून घेत. पावसाळ्यात पाणी चढले की ते थर पुन्हा वर येत. पुराच्या लोंढ्याबरोबर फुमदीचे काही तुकडे सरोवराबाहेर पडून मणिपूर नदीतून वाहून जात. अशा रीतीने सरोवर दरवर्षी स्वतःची थोडीफार साफसफाई करून घेत असे. हे चक्र नीट लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्या मोडण्यातून उभा राहिला.

५/
आता आथाफुम म्हणजे काय, ते पाहू. मच्छीमार फुमदीच्या लांब पट्ट्या कापतात, त्या होडीने ओढून आणतात आणि एकमेकींना जोडून पाण्यावर मोठे कडे तयार करतात. कडे वाहून जाऊ नये म्हणून बांबू रोवतात, दगडांचे नांगर लावतात. आत वनस्पतींचे सुटे पुंजके सोडतात. तेथे सावली असते, खाद्य असते, मोठ्या माशांपासून आडोसा असतो. त्यामुळे मासे आपणहून जमतात. काही काळाने कड्याला आतून जाळे लावले जाते, पुंजके बाहेर काढले जातात, जाळे आवळत आणले जाते आणि साठलेले मासे पकडले जातात. मासा शोधत फिरण्याऐवजी त्याला घर बांधून देण्याची ही रीत आहे.

६/
ही रीत जगावेगळी नाही. बांगलादेशात झाडांच्या फांद्या पाण्यात रचून मासे जमवतात, त्याला 'काठा' म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात खाडीसरोवरांच्या उथळ पाण्यात फांद्या रोवून 'अकाजा' उभारतात. तत्त्व तेच : निवारा द्या, मासा येईल. लोकटकचे वेगळेपण एवढेच की येथे निवाऱ्याचे साहित्यही सरोवरच पुरवते. त्याच फुमदीवर मच्छीमार 'फुमशांग' म्हणजे तरंगती झोपडी बांधतात. रात्री-अपरात्री जाळे सांभाळायचे तर पाण्यावरच राहणे सोयीचे. चंपू खांगपोक ही अशा झोपड्यांची प्रसिद्ध तरंगती वस्ती आहे.

७/
१९८३ साली सरोवराच्या इतिहासाने वळण घेतले. लोकटक जलविद्युत प्रकल्पासाठी मणिपूर नदीवर इथाई येथे बांधलेला बंधारा त्या वर्षी कार्यान्वित झाला. प्रकल्पाची क्षमता १०५ मेगावॉट. वीजनिर्मितीसाठी पाणी बोगद्यातून लैमाताक नदीच्या खोऱ्यात नेले जाते. त्यासाठी सरोवरात वर्षभर पुरेसे पाणी हवे. म्हणून जलपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७६८.५ मीटर या पूर्ण संचय पातळीच्या आसपास राखण्याचे धोरण आले. ऋतूप्रमाणे चढणारे-उतरणारे सरोवर या निर्णयाने जवळजवळ जलाशयासारखे झाले.

८/
परिणाम तीन बाजूंनी दिसले. पहिला फुमदीवर : उन्हाळ्यात तळाला टेकून अन्न घेण्याची तिची संधी कमी झाली, तर मोकळ्या सरोवरातील सुटी फुमदी बाहेर वाहून जाईना. दुसरा जमिनीवर : काठची भातशेती आणि चराऊ कुरणे कायमची पाण्याखाली गेली. किती क्षेत्र गेले यावर सरकार आणि आंदोलक यांच्यात आजही वाद आहे. पण शेती गेली, हे दोघांनाही मान्य आहे. तिसरा माशांवर : चिंदविन-इरावती नदीप्रणालीतून मणिपूर नदीमार्गे वर चढून येणाऱ्या माशांची वाट बंधाऱ्याने अडवली. 'पेंगबा' हा मणिपूरचा राज्यमासा. सरोवरात तो नैसर्गिकरीत्या मिळणे जवळपास थांबले आणि पुढे कृत्रिम प्रजननातून त्याला टिकवावे लागले.

९/
ज्याची शेती बुडाली, त्याच्यापुढे पाणी उरले. काठचे अनेक शेतकरी मासेमारीकडे वळले आणि पाण्यावर राहू लागले. बाहेरून चढून येणारे मासे घटल्यामुळे, आहेत त्या माशांना एका जागी जमवणारी पद्धत अधिक फायद्याची ठरली. शिवाय बाहेर न वाहणाऱ्या फुमदीमुळे कड्यांसाठी लागणारे साहित्यही मुबलक झाले. आथाफुमची संख्या बंधाऱ्यानंतरच्या काळात झपाट्याने वाढली, ती या परिस्थितीत. तरंगत्या थरांच्या आधाराने मासे पकडण्याचे कसब जुने आहे. त्याचा एवढा मोठा विस्तार मात्र नव्या परिस्थितीचे अपत्य आहे. 'परंपरा' हा शब्द वापरताना हे दोन्ही भाग ध्यानात ठेवावे लागतात.

१०/
याच काळात आकाशातली नजरही तयार होत होती. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडला गेला. भारताचा पहिला कार्यरत दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. हे उपग्रह डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाबरोबरच निकट-अवरक्त किरणेही टिपतात. पाणी ही किरणे शोषून घेते, म्हणून चित्रात ते काळे दिसते. हिरवी वनस्पती ती जोरकसपणे परावर्तित करते. प्रचलित कृत्रिम रंगसंगतीत ती लालभडक दिसते. लोकटकसाठी ही अत्यंत सोयीची गोष्ट होती : काळ्यावर लाल, म्हणजे पाण्यावर फुमदी. क्षेत्र मोजणे सोपे झाले.

११/
परंतु येथेच पहिला पेच आहे. आथाफुमचे कडे ज्या वनस्पतींचे असते, त्याच वनस्पती नैसर्गिक फुमदीतही असतात. रंग सारखाच. उपग्रहाला दोहोंतला फरक रंगावरून कळत नाही. तो कळतो आकारावरून. निसर्गतः वाहत आलेली फुमदी वेडीवाकडी पसरते, माणसाने बांधलेली फुमदी गोल असते. त्यामुळे चित्र वाचणारा तज्ज्ञ वर्तुळ शोधतो. वर्तुळ तुटले, त्याचे तुकडे वाऱ्याने इतरत्र सरकले की ते 'नैसर्गिक' या खान्यात जाऊ शकते. उलट, सोडून दिलेले जुने कडेही वापरातले म्हणून मोजले जाऊ शकते. चित्रात कडे दिसते. त्यात कोणी मासे धरते आहे की नाही, हे दिसत नाही.

१२/
दुसरा पेच अधिक गंभीर आहे. १९७०च्या दशकातील लँडसॅट चित्रांत एक बिंदू जमिनीवरच्या सुमारे ८० मीटर रुंद चौकोनाएवढा असे. त्यापेक्षा बारीक वस्तू त्यात विरघळून जाई. १९८०च्या दशकात ही मर्यादा ३० मीटरवर आली. भारतीय 'लिस-३' संवेदकाने ती सुमारे २३.५ मीटरवर आणली. २००५ मधील कार्टोसॅट-१ ने २.५ मीटरपर्यंत. काही मीटर रुंदीच्या पट्टीचे कडे जुन्या चित्रात स्पष्ट उमटणे कठीणच. म्हणजे जुन्या चित्रात वर्तुळे नाहीत आणि नव्यात शेकडो आहेत, एवढ्यावरून 'पूर्वी काहीच नव्हते' असा निष्कर्ष काढला, तर त्यातली काही वाढ मच्छीमारांची असेल आणि काही कॅमेऱ्याची.

१३/
तिसरा पेच ऋतूचा. मणिपुरात पावसाळ्यात आभाळ महिनोन् महिने ढगाळ असते. साध्या प्रकाशीय उपग्रहाला ढगांपलीकडचे दिसत नाही. त्यामुळे लोकटकची वापरण्यासारखी बहुतेक जुनी चित्रे कोरड्या महिन्यांतली असतात. सरोवराचा निम्मा वर्षभराचा चेहरा या संग्रहात जवळपास नाहीच. ढगांतून पाहू शकणारे रडार उपग्रह पुढे आले : भारताचा रिसॅट-१ २०१२ मध्ये, युरोपचा सेंटिनेल-१ २०१४ मध्ये. तोवर लोकटकविषयीचे बहुतेक महत्त्वाचे प्रशासकीय निर्णय घेऊन झाले होते. पूर येतो केव्हा, फुमदी सरकते कशी, याचे ज्ञान त्या काळात होडीतल्या माणसापाशी होते.

१४/
प्रशासनाची हालचाल याच सुमारास वाढत गेली. १९८६ मध्ये लोकटक विकास प्राधिकरण स्थापन झाले. मार्च १९९० मध्ये सरोवराला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. नोंदवलेले क्षेत्र २६,६०० हेक्टर. तीनच वर्षांत, १९९३ मध्ये, त्याचे नाव 'माँत्रो नोंदवही'त गेले. ज्या रामसर क्षेत्रांचे पर्यावरणीय स्वरूप बिघडते आहे, त्यांची ही यादी आहे. त्या यादीतून नाव बाहेर काढणे हे तेव्हापासून सरकारचे उद्दिष्ट राहिले. सरोवर 'सुधारले' हे दाखवायचे, तर मोजमाप हवे आणि मोजमापासाठी उपग्रहासारखे हुकमी साधन दुसरे नव्हते.

१५/
देशपातळीवरही पाणथळ जागांची मोजणी उपग्रहांवर येऊन ठेपली. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने १९९२-९३ च्या चित्रांवरून पहिली व्यापक सूची केली. त्यानंतर २००६-०७ च्या चित्रांवरून राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह सिद्ध झाला. त्यातील २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षणाची तत्त्वे लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला. उपग्रहचित्रातली रेषा या आदेशाने कायद्याची रेषा झाली. भूमाफियांनी गिळलेल्या तलावांसाठी हा आदेश वरदानासारखा होता. लोकटकमध्ये मात्र त्या रेषेच्या आत माणसे राहत होती.

१६/
मणिपूरने स्वतःचा कायदा त्याआधीच केला होता : मणिपूर लोकटक सरोवर (संरक्षण) अधिनियम, २००६. त्याने सरोवराचे गाभाक्षेत्र आणि भोवतीचे क्षेत्र असे दोन भाग पाडले. सुमारे ७० चौरस किलोमीटरचे गाभाक्षेत्र संपूर्ण संरक्षित ठरले. आथाफुम उभारणे आणि फुमदीवर झोपडी बांधून राहणे यांवर बंदी आली. पाण्यावर अशी सीमा आखली की ती डोळ्यांना दिसत नाही. तेथे ना बांध, ना खुणेचा दगड. ती दिसते ती नकाशावर. मच्छीमाराची होडी कोणत्या क्षणी गाभाक्षेत्रात शिरली, हे होडीतल्या माणसाला न कळता नकाशा जवळ असणाऱ्याला कळते. वहिवाटीच्या पाण्यावर असा अधिकार यापूर्वी कोणाला नव्हता.

१७/
नोव्हेंबर २०११ मध्ये या कायद्याची अंमलबजावणी झाली. प्राधिकरणाचे कर्मचारी आणि पोलीस सरोवरात उतरले. शेकडो फुमशांग पाडून जाळण्यात आल्या. ऐन थंडीच्या तोंडावर कुटुंबे उघड्यावर आली. 'अतिक्रमण' हा शासनाचा शब्द होता. 'आमची शेती तुमच्या बंधाऱ्याने बुडवली, आता पाणीही काढून घेता' हा मच्छीमारांच्या विरोधाचा आशय होता. स्त्रिया या विरोधात पुढे होत्या. त्याच वर्षांत फुमदी यंत्रांनी काढण्याची मोठ्या खर्चाची योजनाही सुरू होती. बंधाऱ्याचे दरवाजे मात्र तसेच राहिले.

१८/
या घटनेची एक नोंद कागदावर आणि आकाशात न होता चित्रपटात झाली. दिग्दर्शक हाओबाम पबन कुमार यांचा 'फुम शांग' हा माहितीपट याच विस्थापनाविषयी आहे. त्याला शोधक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनीच 'लोकटक लाइरेंबी' हा कथापट केला. भयाने आणि संशयाने पोखरलेल्या एका मच्छीमाराची ती कथा. पर्यावरण संवर्धनविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून तिचाही राष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला. एकाच शासनव्यवस्थेने झोपड्या जाळल्या आणि त्या जळण्याच्या चित्रणाला पारितोषिकही दिले. भावी इतिहासकाराला ही दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचावी लागतील.

१९/
शासनाच्या बाजूचे म्हणणे पोकळ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कड्यांची दाटी झाली की पाण्याचा प्रवाह मंदावतो, सुटी फुमदी अडकते, जलमार्ग बंद होतात. उघड्या पाण्यात जाळे टाकून जगणाऱ्या गरीब मच्छीमाराला दुसऱ्याचे कडे म्हणजे वाटेतले कुंपण वाटू शकते. इम्फाळ शहराची घाण नांबुल नदीतून थेट सरोवरात येते. डोंगरउतारांवरची माती वाहून येते. सरोवर आजारी होते आणि आहे. प्रश्न असा की, आजाराच्या या सगळ्या कारणांपैकी एकाच कारणावर सर्वाधिक कठोर कारवाई का झाली?

२०/
त्याचे एक उत्तर दृश्यमानतेत आहे. आकाशातून पाहिले, तर वर्तुळ चटकन दिसते, मोजता येते, त्याचे स्थान अक्षांश-रेखांशांत सांगता येते. पाणी वर्षभर एका पातळीवर रोखून धरण्याचा निर्णय चित्रात दिसत नाही. तो एका पातळीच्या आकड्यात आणि वीजकराराच्या फाइलीत असतो. नांबुलमधून येणारे सांडपाणी फार तर पाण्याच्या रंगछटेतून जाणवते. पेंगबाची अडलेली वाट तर चित्रात कधीच उमटत नाही. मोजता येईल तेच प्रशासनाला आधी दिसते, आणि दिसेल त्यावरच आधी कारवाई होते. उपग्रहाने खोटे सांगितले नाही. त्याने सांगितलेल्या एका गोष्टीलाच सगळी गोष्ट मानले गेले.

२१/
आकाशातून पाहण्याने लोकटकचे भलेही झाले आहे. सांगाई हे येथील शिंगांचे दुर्मीळ हरीण. १९५१ मध्ये ते नामशेष झाले असे मानले गेले, १९५३ मध्ये ई. पी. गी यांनी ते पुन्हा शोधले. १९७५ मध्ये हवाई पाहणीत केवळ १४ सांगाई मोजले गेले. त्या धक्कादायक आकड्याने संरक्षणाला गती आली. १९७७ मध्ये काइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान झाले. आज ही संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. पण सांगाईला पेलणारी जाड फुमदी टिकायची, तर ती उन्हाळ्यात तळाला टेकली पाहिजे. म्हणजे हरिणाचा प्रश्नही शेवटी इथाईच्या दरवाजांपाशी येतो. तेथे हरीण आणि मच्छीमार एकाच बाजूला उभे आहेत.

२२/
मोडी कागद हाती आला की इतिहासाचा विद्यार्थी काही ठरलेले प्रश्न विचारतो. कोणी लिहिला? कोणासाठी? कशासाठी? लिहिणाऱ्याला काय दिसत नव्हते? उपग्रहचित्र यंत्राने काढलेले असते, म्हणून त्याला हे प्रश्न लागू होत नाहीत, असा समज आहे. ते लागू होतात. कोणत्या महिन्याचे चित्र निवडले, किती बारकाव्याचे निवडले, कोणत्या रंगाला 'फुमदी' आणि कोणत्या आकाराला 'अतिक्रमण' असे नाव दिले, हे सर्व माणसाने ठरवलेले असते. महसुली पाहणीच्या नकाशाने गायरानाला जशी 'पडीक' अशी ओळख दिली, तशीच ही ओळखही कचेरीत दिली जाते. पुढे ती कागदावरून जमिनीवर उतरते.

२३/
याच साधनाचा उलट दिशेने वापर करता येतो. १९७२ पासूनच्या लँडसॅट चित्रांत इथाई बंधाऱ्याआधीचे दशकही आहे. बारीक कडे त्यात दिसणार नाही. पण सरोवराचा विस्तार दिसू शकतो : पाणी कोठवर होते, काठाची कोरडी जमीन कोठे संपत होती, आणि १९८३ नंतर ती सीमा कोठे सरकली. शेती बुडाल्याचा मच्छीमारांचा दावा तपासायचा, तर याहून उपयुक्त साक्षीदार थोडे. २००८ पासून हा संग्रह जगभर विनामूल्य खुला आहे. त्याच्या जोडीला जुने सर्वेक्षण नकाशे, महसुली नोंदी आणि वृद्ध मच्छीमारांच्या आठवणी ठेवल्या, तर सरोवराचा आरंभ १९८३ च्या आधीपासून सांगता येईल.

२४/
ही निकड आजची आहे. जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने पुन्हा सूचना काढून आथाफुम आणि तरंगत्या झोपड्या हटवण्यास सांगितले. मच्छीमारांनी पुन्हा विरोध केला. इथाई बंधाऱ्याच्या संचालनाचा फेरविचार व्हावा, पाणी ऋतूप्रमाणे उतरू द्यावे, ही मागणी मणिपुरात वारंवार होते. दरम्यान सरोवरावर राहणाऱ्यांनी आपले अस्तित्व दुसऱ्या मार्गांनी नोंदवणे सुरू ठेवले आहे. २०१७ मध्ये लांगोलसाबी लैकाई येथे मच्छीमार संघटनेच्या पुढाकाराने एक तरंगती प्राथमिक शाळा सुरू झाली. घरे जळाल्यामुळे ज्यांचे शिक्षण सुटले, अशी मुलेही तिच्यासमोर होती.

२५/
उपग्रहाची पाहणी थांबणार नाही आणि थांबवण्याचे कारणही नाही. सेंटिनेल-२ सारखे उपग्रह आता दर काही दिवसांनी लोकटकवरून जातात, १० मीटरचा बारकावा टिपतात. मागणी एवढीच हवी की, वर्तुळे मोजणाऱ्या अहवालात बंधाऱ्यामागची जलपातळी, नांबुलचे पाणी आणि बुडालेली शेती यांचेही रकाने असावेत, आणि चित्राचा अर्थ लावताना कडे बांधणाऱ्या माणसाला खोलीत बसवावे. कोणते कडे चालू आहे, कोणते सोडून दिलेले, कोणते वादळाने फाटून सरकलेले, हे तो चित्राकडे बोट दाखवून सांगू शकतो. अशा वाचनानंतर काही आथाफुम काढावेच लागतील, हे कदाचित तोही मान्य करील. मग ती गोष्ट ठरवून होईल, जाळून नव्हे.

(धागा समाप्त)